गावच्या दूध संस्थेचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर: सेटिंग्ज आणि सुरक्षेचे डिफॉल्ट कसे ठरवायचे?

करवीरकोडर

मंडळी, नमस्कार. दूध संकलनाच्या आपल्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती काढण्याआधी सेटिंग्जचा दस्तऐवज मला नीट पुरा करायचा आहे, आणि त्यासाठी तुमची मतं हवी आहेत. प्रकल्प माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: करवीर, कागल, राधानगरीकडच्या गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध येतं. त्याचं वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) थेट यंत्रावरून घ्यायचं, दर लावायचा, सभासदाला एसएमएस पाठवायचा आणि दहा दिवसांचं बिल काढायचं, एवढं हे सॉफ्टवेअर करतं. कोड सगळ्यांना खुला आहे, कुणीही घ्यावा, बदलावा.

आज आपल्या सेटिंग्ज विखुरलेल्या आहेत. काही कोडमध्येच लिहिलेल्या, काही डेटाबेसमध्ये, काही फाईलमध्ये, आणि उरलेल्या बसवायला जाणाऱ्याच्या डोक्यात. मला प्रत्येक सेटिंगसमोर पाच गोष्टी लिहिलेल्या हव्यात: नाव, कोणत्या प्रकारची किंमत चालते, काहीच न लिहिल्यास काय धरलं जाईल, ती बदलायचा अधिकार कुणाचा, आणि किंमत चुकीची असेल तर सॉफ्टवेअर काय करेल. शेवटचा रकाना बहुतेक प्रकल्पांत नसतोच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा.

संस्थेचा सचिव सेटिंगची फाईल कधीही उघडणार नाही. त्यानं उघडावी अशी अपेक्षाही करू नये, त्याचं काम दूध घेणं आहे. म्हणजे डिफॉल्ट म्हणून आपण जे ठेवू, तेच गावात वर्षानुवर्षं चालणार. ‘वापरणाऱ्यानं बदलायला हवं होतं’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही. डिफॉल्ट हा आपण त्याच्या वतीनं घेतलेला निर्णय आहे.

मोंगोडीबी या डेटाबेसचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं असं आहे. जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर सरळ उतरवून चालवला की तो यंत्राच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐकायचा, आणि पासवर्डची सक्ती नव्हती. सुरक्षा कशी लावायची हे त्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. तरीही जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस कुणीतरी पुसले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीत डिफॉल्ट बदलला आणि सर्व्हर फक्त स्वतःच्या यंत्रापुरता ऐकू लागला. कागदपत्रांनी जे साधलं नव्हतं ते एका ओळीच्या बदलानं साधलं.

माझे प्रस्ताव असे. सर्व्हर १२७.०.०.१ वरच, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्यावर, ऐकेल; शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडायचं असेल तर मुद्दाम लिहावं लागेल. कारखान्यातून येणारा पासवर्ड नसेल, पहिल्यांदा चालू करताना तिथंच ठरवावा लागेल. डीबग, म्हणजे दोष शोधताना आतली माहिती दाखवणारी सोय, बंद. एसएमएसची चावी (त्या सेवेला ओळख पटवणारा गुप्त शब्द) आणि बँकेच्या फाईलची चावी वेगळ्या फाईलमध्ये, कोडच्या फोल्डरबाहेर. आणि यातलं काही चुकलं तर सॉफ्टवेअर सुरू होणार नाही. बोला.

शाहूपुरीकर

पहिल्या तीन प्रस्तावांना माझा पूर्ण पाठिंबा. पासवर्डबद्दल एक भर: २०१६ मधल्या मिराय बॉटनेटनं (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्यानं) कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते साठेक ठरावीक नावं-पासवर्डांची यादी वापरून. कारखान्यातून आलेले, कुणी न बदललेले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांना सगळीकडे एकच डिफॉल्ट पासवर्ड देणं कायद्यानं बंद आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

संस्था_सचिव_कागल

मी कोडवाला नाही. पण ‘चुकलं तर सॉफ्टवेअर सुरू होणार नाही’ हे वाचून काळजी वाटली म्हणून लिहितोय.

आमच्याकडं सकाळी साडेपाचला यंत्र चालू होतं. सहाला दारात रांग असते. टँकर त्याच्या वेळेला येतो, कुणासाठी थांबत नाही. तवा स्क्रीनवर ‘सेटिंग चुकीचं आहे, सुरू होणार नाही’ असं आलं तर मी काय करायचं? लोकांना कॅन घेऊन परत पाठवू? दूध थांबत नसतंय. तुम्ही कोल्हापुरात झोपलेले असणार, फोन कोण उचलणार? मग मी वहीत लिहून घेणार, आणि एकदा वहीवर गेलो की पोरं परत कॉम्प्युटरवर यायला महिना लावतात.

सुरक्षा पाहिजेच. माझ्या सभासदांचे बँक खाते नंबर त्यात आहेत, मला ती जबाबदारी कळते. पण संकलन बंद पडू देऊ नका.

करवीरकोडर

सचिव साहेब, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर प्रस्ताव बदलतो.

‘चुकलं तर सुरू होणार नाही’ हा नियम सर्व्हरच्या जगातला आहे. जँगो हे वेबसाइट बनवायचं पायथन भाषेतलं साधन हेच करतं: गुप्त चावी रिकामी असेल तर उठत नाही, डीबग बंद असताना साइटला कोणत्या नावानं हाक मारायची परवानगी आहे ते लिहिलं नसेल तर त्याचा सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. तिथं ते योग्यच, कारण समोर तंत्रज्ञ बसलेला असतो. आपल्याकडं तसं नाही. म्हणून पाचव्या रकान्यात प्रत्येक सेटिंगसाठी वेगळं उत्तर लिहू.

एसएमएसची चावी नाही: संकलन चालू, एसएमएस बंद, स्क्रीनवर ठळक सूचना. दरपत्रक सापडत नाही किंवा त्यात दर वेडावाकडा आहे: वजन, फॅट, एसएनएफ नोंदवत राहायचं, रक्कम लावायची नाही, दरपत्रक दुरुस्त झाल्यावर लावायची. चुकीच्या दरानं बिल निघण्यापेक्षा ते बरं. लॉगिनची गुप्त चावी नाही: सॉफ्टवेअरनं स्वतः तयार करून फाईलमध्ये ठेवायची, फाईल फक्त त्याच वापरकर्त्याला वाचता येईल अशी. बाहेरून जोडायच्या सेटिंगमध्ये काहीही गडबड: बाहेरची जोडणी पूर्ण बंद, स्थानिक काम चालू.

म्हणजे शंका आली की बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटेल, दूध घेणं तुटणार नाही.

उद्यमनगरकर

हे आवडलं. आता फाईलच्या प्रकाराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण सध्या आपण यामल (सेटिंग्ज मजकुरात लिहायचा एक फाईलप्रकार) वापरतो आणि मला ते काढून टाकावंसं वाटतं.

पायथनमधली नेहमीची यामल लायब्ररी अजून यामलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळते. त्या नियमात शून्यानं सुरू होणारा, आठ-नऊ नसलेला आकडा अष्टमान, म्हणजे आठच्या पायावरचा, धरला जातो. आपल्या फाईलमध्ये एसटीडी कोड आहे: ०२३१. अवतरण चिन्ह न घालता लिहिलात तर कोल्हापूरचा कोड १५३ होतो. प्रत्यक्ष चालवून बघा.

जिल्ह्याच्या गाड्यांचे क्रमांक घ्या, टँकरच्या यादीत आपण फक्त पुढचा आकडा ठेवतो. सिंधुदुर्गचा ०७ वाचला की पूर्णांक ७ होतो. रत्नागिरीचा ०८ आणि आपला ०९ मात्र अक्षरमाला, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून राहतात, कारण ८ आणि ९ अष्टमानात नसतात. सांगलीचा १० परत पूर्णांक. एकाच यादीत दोन प्रकार, आणि कुठंही चूक दाखवली जात नाही.

वेळेचंही तेच. संध्याकाळच्या संकलनाची वेळ १८:३० अशी लिहिली तर साठमान (साठच्या पायावरच्या) पद्धतीनं ती १११० होते. सकाळची ०६:३० मात्र शून्यानं सुरू होते म्हणून अक्षरमालाच राहते. सकाळी चालणारी गोष्ट संध्याकाळी चालत नाही, आणि माणूस यंत्रात दोष शोधत बसतो.

आता यात सुरक्षा कुठं आली म्हणाल. ‘एसएमएस नको असलेले सभासद’ ही यादी त्याच फाईलमध्ये आहे. सभासद ००४५ नं सांगितलं, मला एसएमएस नको. यादीत ००४५ लिहिलं, वाचलं गेलं ३७. आता सदतीस नंबरच्या माणसाला त्याच्या दुधाचा हिशोब कळत नाही आणि पंचेचाळीस नंबरच्या फोनवर त्याला नको असलेली माहिती जात राहते. कुणी हल्ला केलेला नाही, तरी खाजगीपण गेलं.

यामल १.२ मध्ये, म्हणजे २००९ पासून, अष्टमानाचा हा नियम बदललाय. तिथं ०२३१ चा २३१ होईल, पण पुढचं शून्य जाणारच. शिवाय यामलमध्ये फाईल वाचताना पायथनच्या वस्तू तयार करायची सोय आहे. ‘सेफ लोड’ न वापरता अनोळखी फाईल वाचली तर त्या फाईलमधून कोड चालवता येतो. सेटिंगच्या फाईलला एवढी ताकद कशाला हवी?

माझा प्रस्ताव टॉमल, हाही तसाच एक फाईलप्रकार. शून्यानं सुरू होणारा पूर्णांक टॉमलमध्ये मुळात चालतच नाही, वाचतानाच ओळ क्रमांकासह चूक दाखवतं. टिपणं लिहिता येतात, जेसन या आणखी एका फाईलप्रकारात तेही नाही. पायथन ३.११ पासून वाचक भाषेतच आहे, वेगळी लायब्ररी नको.

लिनक्सवाली

टॉमलला माझं मत. फक्त दोन अडचणी आपल्या भाषेच्या आहेत, त्या आत्ताच लिहून ठेवा. टॉमल १.० मध्ये सेटिंगचं नाव देवनागरीत ठेवायचं तर ते अवतरणात घालावं लागतं, उघडं चालत नाही. म्हणून नावं रोमन अक्षरांत आणि प्रत्येक नावावर मराठी टिपण, असं करू. आणि विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाईलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं, ती वाचताना गाळून टाका. नाहीतर पहिल्याच ओळीत चूक दिसेल आणि डोळ्यांना तिथं काहीच दिसणार नाही.

संस्था_सचिव_कागल

आकडे मराठीत लिहिले तर चालतील का? आमच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड बहुतेक वेळ मराठीतच असतोय.

लिनक्सवाली

चांगला प्रश्न, साहेब. स्क्रीनवरच्या चौकटीत लिहिलेत तर चालतील; पायथनला ९६०० हे देवनागरीतलं असलं तरी नऊ हजार सहाशेच कळतं. टॉमल फाईलमध्ये उघडा आकडा मात्र इंग्रजीच लागतो. म्हणून मी म्हणेन, सचिवांनी फाईलला हात लावूच नये असा एक सेटिंगचा पडदा द्या आणि फाईल सॉफ्टवेअरलाच लिहू द्या. पासवर्डमध्ये मात्र जपून: तिथं ‘१’ आणि त्याचा इंग्रजी भाऊ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. पासवर्ड टाकताना कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे ते शेजारी दाखवलं तर लोकांचा मोठा त्रास वाचेल.

राजारामपुरी_११वी_गल्ली

गुप्त चाव्या फाईलमध्ये का? एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅमला देते त्या किमतींत) ठेवा, जगभर हाच रिवाज आहे. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या लोकांनी २०११ मध्ये मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह फॅक्टर’ तत्त्वांत कॉन्फिगबद्दल हेच सांगितलंय, कोड आणि कॉन्फिग वेगळं करा, कॉन्फिग वातावरणातून घ्या.

करवीरकोडर

त्यातला ‘वेगळं करा’ हा भाग शंभर टक्के घेऊ. तिथली कसोटी मला फार आवडते: आत्ता या क्षणी संपूर्ण कोड जाहीर केला तर एखादी चावी उघडी पडेल का? आपला कोड तर रोजच जाहीर असतो, त्यामुळं आपल्यासाठी ही कसोटी कायमची आहे.

पण व्हेरिएबलबद्दल मी सहमत नाही. ते तत्त्व भाड्याच्या क्लाउडवर चालणाऱ्या सेवांसाठी मांडलं गेलं. आपल्याकडं गावातला एक विंडोज कॉम्प्युटर असतो. तिथं व्हेरिएबल कुठं बदलायचं हे शोधण्यातच अर्धा तास जातो. दुसरं, व्हेरिएबल त्या प्रोग्रॅमनं सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोग्रॅमकडं वारशानं जातो, आणि प्रोग्रॅम कोसळल्यावर निघणाऱ्या अहवालात पुष्कळदा सगळे व्हेरिएबल छापले जातात. तो अहवाल लोक मदतीसाठी व्हॉट्सॅपवर पाठवतात. लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये २४७ व्या आवृत्तीपासून गुप्त गोष्टी फाईलरूपात फक्त त्या सेवेला देण्याची सोय आहे, तिथं ती वापरू. बाकी ठिकाणी मर्यादित परवानगीची वेगळी फाईल.

केआयटी_रोडवरून

मी शिकतोय, एक शंका. चाव्या असलेली डॉट एन्व्ही फाईल चुकून कमिट झाली, म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदली गेली, आणि नंतर गिटइग्नोरमध्ये तिचं नाव घातलं, तर पुरतं का?

शाहूपुरीकर

नाही पुरत. भावा, हे नीट समजून घे, पुढं नोकरीतही लागेल.

गिटइग्नोर फक्त अजून नोंद न झालेल्या फाईलींना लागू होतं. एकदा नोंद झालेली फाईल गिट सांभाळतच राहतं. ती काढून नवीन कमिट केलास तरी जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. इतिहास पुन्हा लिहायची साधनं आहेत, फिल्टर-रेपो त्यातलं चांगलं. पण तोवर कुणी प्रत उतरवली असेल, फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) केला असेल, तर ते तुझ्या हातात नाही. सार्वजनिक जागी पडलेल्या चाव्या शोधणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात.

म्हणून क्रम असा: आधी चावी रद्द करून नवी घे, मग इतिहासाचं बघ. उलटा क्रम लावला तर इतिहास साफ करण्यात संध्याकाळ जाते आणि चावी तोवर चालूच राहते. आधीच अडवायचं असेल तर आपल्या यंत्रावर कमिटच्या आधी चाव्या शोधणारं गिटलीक्ससारखं साधन चालव. गिटहबनंही फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक कोडसाठी, ओळखीच्या प्रकारची चावी दिसली तर पुश (कोड वर चढवणं) अडवणं डिफॉल्ट केलंय. पण आपल्या एसएमएसवाल्याच्या चावीचा नमुना त्यांच्या यादीत असेल असं धरून चालू नये.

प्रकल्पात नमुना फाईल ठेवताना तिच्यात खऱ्यासारखी दिसणारी चावी घालू नका. लोक तीच वापरतात. जँगोनं ३.२ पासून नवीन प्रकल्पाच्या चावीच्या सुरुवातीलाच ‘जँगो-इनसिक्युअर’ असं लिहायला सुरुवात केली, आणि तैनातीची तपासणी चालवली की ते तशा चावीबद्दल इशारा देतं. आपण नमुना किंमत रिकामीच ठेवू.

गगनबावडा_घाट

पण एक मूलभूत प्रश्न. सगळ्या सेटिंग्ज, सगळे डिफॉल्ट जाहीर लिहायचे म्हणजे चोराला नकाशाच दिला की. हा दस्तऐवज खाजगी ठेवला तर?

उद्यमनगरकर

कोड खुला आहे, दस्तऐवज लपवून काय साधणार? वाचणारा कोडमधून वाचेल, सचिवाला मात्र वाचता येणार नाही. केर्कहॉफ्स या गुप्तलेखनतज्ज्ञानं १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल हेच मांडलं होतं, यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. ज्या सेटिंगची सुरक्षा तिचं नाव लपवण्यावर अवलंबून आहे ती सेटिंगच चुकली.

लिनक्सवाली

बाहेरून जोडण्याबद्दल एक इशारा, हे शहरातही फार बघितलंय. उबुंटूवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावलेली असते, माणूस निर्धास्त असतो. मग डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायच्या साधनात) पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवतो आणि पोर्ट साध्या पद्धतीनं उघडतो. डॉकर स्वतःचे नियम फायरवॉलच्या खालच्या थरात घालतं, त्यामुळं यूएफडब्ल्यूनं बंद दाखवलेलं पोर्ट बाहेरून उघडं असतं. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की प्रश्न मिटतो. आपल्या डॉकरच्या नमुना कंपोज फाईलमध्ये ते लिहिलेलंच असावं, कारण लोक नमुना जसाच्या तसा उचलतात.

आणि चूक दाखवणारा संदेश कसा असावा यासाठी रेडिस हा डेटाबेस बघा. २०१६ च्या ३.२ आवृत्तीत त्यांनी ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला. पासवर्ड नसताना दुसऱ्या यंत्रावरून कुणी जोडलं तर नकार मिळतो, पण त्या नकारातच कारण आणि दुरुस्तीचे पर्याय लिहिलेले असतात. सचिव साहेबांना मराठीत असाच संदेश मिळायला हवा: कोणती सेटिंग, सध्या काय लिहिलंय, काय चाललं असतं, आणि तोवर कोणतं काम चालू आहे.

शाहूपुरीकर

न वापरलेल्या सोयी डिफॉल्ट बंद ठेवा, हेही लिहा. डिसेंबर २०२१ चा लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीचा प्रकार आठवा. लॉगच्या मजकुरातून बाहेरचा पत्ता धुंडाळायची सोय फार थोड्यांना लागत होती, पण होती सगळ्यांकडं चालू. २.१५ मध्ये ती डिफॉल्ट बंद झाली आणि २.१६ मध्ये मजकुरातून धुंडाळणं काढूनच टाकलं.

आपल्या बिल्डचीही (कोडपासून आवृत्ती तयार करायच्या प्रक्रियेची) सेटिंग दस्तऐवजात घ्या. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या, बिल्डमध्ये वापरायच्या एका लोकप्रिय अ‍ॅक्शनचे जुने टॅगच (आवृत्त्यांना दिलेली नावं) घातक कमिटकडं वळवले गेले आणि ती वापरणाऱ्यांच्या चाव्या बिल्डच्या लॉगमध्ये छापल्या गेल्या. टॅगऐवजी आधीच्या कमिटचा चाळीस अक्षरी पूर्ण क्रमांक लिहिलेले प्रकल्प त्यातून वाचले. आपण तसंच करू, आणि बिल्डच्या टोकनला फक्त वाचायची परवानगी.

संस्था_सचिव_कागल

पासवर्ड विसरला तर? कारखान्याचा पासवर्ड नाही म्हणता. आमच्याकडं निवडणूक झाली, संचालक मंडळ बदललं, सचिव बदलला आणि जुना माणूस रागात निघून गेला, असं होतंय गावात.

करवीरकोडर

हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. असं करूया: पासवर्ड नव्यानं ठरवणं फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून, विंडोजच्या प्रशासक खात्यातूनच. नेटवर्कवरून नाही, फोनवरून नाही, आमच्याकडूनही नाही. आम्हाला कुठल्याही संस्थेत शिरता येईल असा मागचा पासवर्ड ठेवणार नाही, कुणी मागितला तरी. पासवर्ड बदलला की तारीख-वेळेची नोंद पुसता न येईल अशी राहील आणि दहा दिवसांच्या बिलाच्या कागदावर तळाशी छापली जाईल. म्हणजे सभासदांनाही दिसेल.

राजारामपुरी_११वी_गल्ली

बिलावर छापायची कल्पना उत्तम. व्हेरिएबलबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण दोन्ही वाचता येतील अशी सोय ठेवा, फाईल आधी आणि व्हेरिएबल नंतर, कोण कुणावर मात करतं तो क्रम दस्तऐवजात लिहा. आणि कुणाला दोष सापडला तर त्यानं कुठं कळवायचं? उघड्या इश्यूमध्ये लिहायला लावू नका. प्रकल्पात सिक्युरिटी फाईल हवी, आणि संकेतस्थळावर २०२२ च्या आरएफसी ९११६ या इंटरनेट दस्तऐवजाप्रमाणे सिक्युरिटी डॉट टीएक्सटी. त्यात संपर्क आणि मुदत या दोन ओळी सक्तीच्या आहेत, मुदत संपण्याआधी बदलायची जबाबदारी कुणाची तेही ठरवा.

करवीरकोडर

क्रम मान्य. मुदतीची जबाबदारी मी घेतो. मसुदा रविवारी रात्री कोडच्या भांडारात टाकतो, टॉमल आणि पाच रकान्यांसह. ‘बदलायचा अधिकार कुणाचा’ या रकान्यावर अजून कुणीच बोललेलं नाही. दरपत्रक सचिवानं एकट्यानं बदलावं, की दोन माणसांची मंजुरी लागावी? मला दुसरं बरोबर वाटतं, पण साडेपाच वाजता दुसरा माणूस कुठून आणायचा हे मला माहीत नाही.

संस्था_सचिव_कागल

दर दूध संघाकडून आदल्या दिवशी कळतोय, पहाटे नाही. मग संध्याकाळच्या संकलनानंतर अध्यक्षांच्या समोर बदलायचा आणि दुसऱ्या सकाळपासून लागू, असं ठेवा. अडचण येणार नाही.

अजून एक. तुमच्या यादीत फॅट मशीनचा बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) डिफॉल्ट ९६०० आहे. आमचं यंत्र जुनं, ते २४०० वर चालतंय. वेग जुळला नाही तर स्क्रीनवर भलतीच अक्षरं येतात. अशा वेळी फॅट शून्य धरू नका, यंत्राशी बोलणं होत नाही असं सांगा आणि मला हातानं भरू द्या, पण हातानं भरलंय ही खूण त्या नोंदीवर राहू दे.

उद्यमनगरकर

हे पाचव्या रकान्यात आजच लिहितो.